प्रोग्रॅम सोळा कोअरवर नेण्याआधी

सोळा कोअरचे (एकाच वेळी स्वतंत्रपणे गणना करणाऱ्या सोळा भागांच्या प्रोसेसरचे) मशीन घेतले की प्रोग्रॅम सोळापट धावेल, असे गृहीत धरू नका. एकूण वेळेतले 10 टक्के काम एकामागून एकच होणारे असेल (फाइल वाचणे, निकाल लिहिणे), तर 16 कोअरवर वेग 6.4 पट मिळतो आणि कितीही कोअर जोडले तरी तो 10 पटीपुढे जात नाही. संगणक रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला हा हिशेब आजही तसाच लागू आहे.

थ्रेड (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅमचे धागे) आणि लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा बदलू देणारे कुलूप) आम्ही शक्यतो हाताने लिहीत नाही. ‘एकूण = एकूण + रक्कम’ ही एक ओळ दिसते, पण आत वाचणे, मिळवणे, लिहिणे अशा तीन क्रिया होतात. दोन थ्रेडनी एकाच वेळी जुनी किंमत वाचली की एक रक्कम गायब. चाचणीत ही चूक बहुधा सापडतच नाही. म्हणून आम्ही आधी गणनेचा साचा ओळखतो. संगणकशास्त्रज्ञ मरे कोल यांनी 1989 मध्ये अशा साच्याला ‘अल्गोरिदमिक स्केलेटन’ म्हटले: कामाची वाटणी साचा सांभाळतो, आपण त्यात फक्त फंक्शन भरायचे.

प्रत्येक नोंदीवर स्वतंत्रपणे तीच क्रिया असेल तर ‘मॅप’. शेजारच्या घरांवरून नवी किंमत काढायची असेल, जसे चित्र धूसर करणे, तर ‘स्टेन्सिल’. त्याला जुना आणि नवा असे दोन अ‍ॅरे (किमतींच्या याद्या) ठेवावे लागतात, तेवढी मेमरी धरून चला.

सर्वाधिक घोळ ‘रिड्यूस’मध्ये, म्हणजे अनेक किमती एकत्र करून एकच उत्तर काढण्यात, होतो. तिथे शाळेतला साहचर्य गुणधर्म लागतो: कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच यायला हवे. सरासरी या अटीत बसत नाही. 10, 20, 30 यांची सरासरी 20 आणि उरलेल्या 40 ची 40. या दोन्हींची सरासरी 30 येते, खरे उत्तर मात्र 25. उपाय सोपा आहे: प्रत्येक भागातून बेरीज आणि संख्या अशी जोडी पुढे न्यायची, भागाकार शेवटी एकदाच. दशांश अपूर्णांकांची साधी बेरीजसुद्धा क्रमानुसार किंचित बदलते: 0.1, 0.2, 0.3 डावीकडून मिळवले तर 0.6000000000000001, उजवीकडून 0.6. पैशांचे हिशेब असतील तर रकमा पूर्णांक पैशांत ठेवा.

आम्हाला काम देताना प्रत्येक टप्प्याला लागणारे सेकंद, खऱ्या आकाराचा नमुना डेटा आणि जुन्या प्रोग्रॅमचा निकाल सोबत द्या. निकालात किती दशांश स्थळांपर्यंतचा फरक चालेल, तेही लिहून द्या.