माकडताप माकडे पसरवत नाहीत

सिंधुदुर्गात माकडतापाचे रुग्ण आढळले की एक समज हमखास फिरतो: ताप माकडे देतात, तेव्हा माकडे हाकला किंवा मारा. हे खरे नाही, शिवाय घातक आहे.

माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. माणसाला तो होतो मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून. माकडे आणि वानर आपल्यासारखेच त्याचे बळी, बरेचदा आपल्या आधीचे. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. मारलेल्या माकडाच्या गोचिडीही तशाच उतरणार, मग साथ थांबणार कशी? मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका. आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला लगेच कळवा.

गुरांचे वेगळे. ती या विषाणूने सहसा आजारी पडत नाहीत, पण त्यांच्या रक्तावर गोचिडी पोसतात, वाढतात. रानात चरणाऱ्या गुरांच्या गोचिडींचा बंदोबस्त माकडांमागे धावण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचा.

आणि हो, माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. रुग्णाजवळ बसायला घाबरू नका.