कॉफी कुठली ते रुबिडियमला विचारा

ग्रीन कॉफीच्या पाकिटांवर हल्ली "ज्वालामुखीच्या मातीतली, मिनरल्सने भरलेली" असं काहीबाही छापतात. न भाजलेल्या बीत मिनरल्स असतात हे खरंय, बी जाळली तर वजनाच्या साधारण 4 टक्के राख उरते आणि तिच्यात 40 टक्क्यांच्या आसपास पोटॅशियम, पण ते ब्राझीलच्या बीत असतं तसंच इथिओपियाच्याही. त्यातलं कपात उतरतं 100 मिलीग्रॅमच्या आसपास आणि मोठ्या माणसाला दिवसाला लागतं 3500, त्यामुळे तब्येतीसाठी मुलूख निवडत बसण्यात काही राम नाही.

मला खरी मजा वाटते ती झाडाला नको असलेल्या मूलद्रव्यांची. शाळेतली आवर्तसारणी आठवा, पोटॅशियमच्या बरोबर खाली रुबिडियम. झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण आयनाचा आकार आणि भार इतका मिळताजुळता की मुळांमधली पोटॅशियम आत घेणारी प्रथिनं फसतात आणि तेही आत जातं, लग्नात वऱ्हाडाबरोबर कोणीही जेवून जावं तसं. पोटॅशियम किती घ्यायचं यावर झाडाचा बराच ताबा असतो, रुबिडियमवर तसा नाही, म्हणून बीतलं रुबिडियम बरंचसं मातीवर ठरतं आणि बी कुठल्या मुलखातली याचा माग त्यावरून लागतो. कॅल्शियमच्या मागून स्ट्रॉन्शियम आणि बेरियम असंच घुसतं. मँगनीज झाडाला थोडं लागतं, पण माती आम्लधर्मी असली की त्याची न विरघळणारी ऑक्साइडं विरघळणारा Mn²⁺ आयन होऊन सुटतात आणि झाड गरजेपेक्षा जास्त ओढून घेतं. हे सगळं मोजायला बीची पूड नायट्रिक आम्लात विरघळवून हजारो अंश तापलेल्या आरगॉन प्लाझ्मात फवारतात आणि सुटलेले आयन वस्तुमानानुसार मोजतात, अब्जात एक भाग असला तरी सापडतो.

अँटिऑक्सिडंटचं गणित वेगळं. इथे मुख्य खेळाडू क्लोरोजेनिक आम्लं, अरेबिकात साधारण 5 ते 8 टक्के, रोबस्टात 7 ते 10, म्हणजे मुलखापेक्षा जातीचा फरक मोठा, शिवाय फळ किती पिकलेलं होतं तेही मधे येतं. ग्रीन कॉफीने वजन उतरतं म्हणून 2012 मध्ये जो गाजावाजा झाला त्यामागच्या अभ्यासात माणसं होती फक्त 16, आणि तो पेपर 2014 मध्ये मागे घेतला गेला. गोळ्या अजून विकल्या जातातच.

भाजताना ही आम्लं तुटतात, गडद भाजलेल्या बीत तर फारच थोडी उरतात. मूलद्रव्यं मात्र भट्टीत मोडत नाहीत. हवाईतल्या कोना भागातल्या शेतकऱ्यांनी 2019 मध्ये, आमच्या नावाने भलतीच कॉफी विकली जाते म्हणून अमेरिकेच्या कोर्टात केस टाकली तेव्हा हेच कामाला आलं. दुकानातल्या भाजलेल्या कॉफीत स्ट्रॉन्शियम आणि झिंकचं गुणोत्तर तपासलं, बेरियम आणि निकेलचंही, ते कोनाच्या बियांशी जुळेना, आणि बऱ्याच कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर मोजून तडजोड केली.