उभ्या गाडीतलं उंदराचं घर

दिवाळी आटोपून आम्ही सुरतला परतलो की गावाकडची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते, ती थेट लग्नसराईपर्यंत. मागच्या फेब्रुवारीत चावी फिरवली, तर इंजिन उचलेना. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हाई उंदीरनं काम शे."

एअर फिल्टरच्या डब्यात वीतभर घरटं होतं. कापसाचे पुंजके, बॉनेटखालच्या अस्तराचा भुगा, फिल्टरच्या कागदाच्या चिंध्या आणि फोडलेल्या सरकीची टरफलं. बाजूच्या वायरीवर जोडीजोडीनं बारीक चरे पडले होते आणि आतलं तांबं चमकत होतं.

हिवाळ्यातच हे का होतं? खानदेशात दिवाळीच्या आगेमागे ज्वारी, मका निघतो, कपाशी वेचली जाते. शेतातल्या उंदरांचा दाणाही जातो आणि आडोसाही. त्यातच डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा दहाच्या खाली उतरतो. घरातला छोटा उंदीर भरतो जेमतेम २० ग्रॅम. हंड्यातलं पाणी बराच वेळ गरम राहतं, वाटीतलं लगेच निवतं. तसंच इवल्या शरीरातली ऊब झपाट्यानं निघून जाते. म्हणून त्याला मऊ, कोरडी, अंधारी जागा लागतेच. फिल्टरचा डबा त्याला अगदी मापाचा!

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण एनॅमल असतं. मागचा भाग मऊ, तो आधी झिजतो आणि दाताला पटाशीसारखी धार येते. हे एनॅमल तांब्याहून कठीण असतं, मग वायरीच्या प्लास्टिकची काय कथा. मात्र दात झिजवायला त्याला वायरच हवी असते, हा समज खरा नाही. वरचे-खालचे दात एकमेकांवर घासूनही ते झिजतात. वायर कुरतडली जाते ती वाट करताना, घरट्यासाठी काही ओढून नेताना किंवा नवी वस्तू चाखून बघताना.

डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचं तेल यांवर माझा भरवसा नाही. इंजिनची जागा खालून उघडी, वास उडून जातो. अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज आडव्या आलेल्या वस्तूंमागे पोचत नाही आणि रोजच्या आवाजाला उंदीर सरावतात. विष तर नकोच. विष खाल्लेला उंदीर एसीच्या नळीत मरून पडला तर उन्हाळाभर वास, आणि तो गव्हाणी घुबडानं खाल्ला तर घुबडाच्याही जिवावर बेततं. आपल्या शेतातले उंदीर फुकटात मारणारा पक्षी असा गमावू नये.

खरा उपाय जाळीचा. छोट्या उंदराला ६ मिलिमीटरच्या आसपासची फट पुरते, म्हणून पाव इंची लोखंडी जाळी आणून हवा ओढणाऱ्या नळीचं आणि सायलेन्सरचं तोंड बंद करावं. सरकी, ढेप, कडबा गाडीपासून लांब ठेवावा. सीटखाली मुलांनी सांडलेले शेंगदाणे हमखास राहतात, तेही झाडून घ्यावेत. पिंजरा शेडच्या मधोमध ठेवू नये, भिंतीला चिकटून ठेवावा, कारण उंदीर मिशांनी भिंत चाचपत कडेकडेनं पळतो. गावात कुणी असेल तर दर आठवड्याला बॉनेट उघडून बघायला सांगावं. अर्धवट घरटं हाती लागलं तर वायरी वाचतात.

घरटं सापडलंच तर कोरडं झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हातमोजे, मास्क घालून आधी जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवा, मग उचला. जागा साबणानं नीट धुवा, कारण त्या मुतातली प्रथिनं वास धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. त्या वासावरून दुसरा उंदीर तिथंच येतो.

यंदा आम्ही दोन्ही जाळ्या बसवल्या आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधलं. जाळ्या काढल्याशिवाय कुणी गाडी चालू करू नये म्हणून.