दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून?

रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळी बरेचजण मोबाईलकडे बघत चालतात. दहा हजार पावलं झाली नाहीत तर चालणं फुकट, हा समज आता पक्का बसलाय. पण ती वैद्यकीय मर्यादा नव्हे. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, त्याच्यासोबत हा गोल आकडा जगभर पसरला.

२०१९ साली अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. (तरुणांना हेच आकडे जसेच्या तसे लावू नयेत.)

म्हणजे आज दोन हजार चालत असाल तर पुढच्या आठवड्यात अडीच हजार करा. भुसभुशीत वाळूत ताकद जास्त लागते, ते मोबाईलला कळत नाही.

आणि पावलं भरली म्हणून येताना वडापाव रिचवू नका. घरी गरम भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला बांगडा यांना पंधरा-वीस मिनिटंच लागतात.