जलप्रलयकथा (बायबल)

बायबलच्या जुन्या करारातील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात, अध्याय ६ ते ९ मध्ये येणारी नोहा आणि त्याच्या तारवाची कथा. माणसांची दुष्टाई पाहून देव पृथ्वी पाण्याखाली बुडवतो. नोहा, त्याचे कुटुंब आणि तारवात घेतलेले प्राणी तेवढे वाचतात. बायबलच्या चिकित्सक अभ्यासात या चार अध्यायांचे महत्त्व फार मोठे आहे. मजकूर कसा घडला आणि त्यात शेजारच्या संस्कृतींचे काय उतरले, हे दोन्ही प्रश्न इथे एकाच जागी तपासता येतात.

पहिल्या प्रश्नासाठी हिब्रू यायलाच हवी असे नाही. मराठी बायबल सावकाश वाचले तरी पुरते. सहाव्या अध्यायात प्रत्येक जातीच्या प्राण्यांची एकेक जोडी घ्यायला सांगितले आहे. सातव्याच्या सुरुवातीला मात्र शुद्ध पशूंपैकी सात-सात आणि अशुद्धांपैकी दोन-दोन घे, अशी आज्ञा येते. एका ठिकाणी चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडतो, तर दुसऱ्या ठिकाणी पाण्याचा जोर दीडशे दिवस राहतो. आज्ञा देणारा कधी ‘देव’ असतो, कधी ‘परमेश्वर’. ही नावे भाषांतरकाराने सहज बदललेली नाहीत. हिब्रूत ‘एलोहीम’ आहे तिथे मराठीत ‘देव’ आणि ‘याहवे’ आहे तिथे ‘परमेश्वर’ येते. ७:१६ या एकाच वचनात दोन्ही भेटतात: देवाने सांगितल्याप्रमाणे नर-मादी आत जातात आणि परमेश्वर नोहाच्या मागे दार लावून घेतो.

नावांच्या या अदलाबदलीवरून उत्पत्तीचे पुस्तक वेगवेगळ्या जुन्या आधारांवरून तयार झाले असावे, असे फ्रेंच वैद्य झाँ आस्त्र्यूक यांनी १७५३ मध्ये मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन अभ्यासक यूलिउस वेलहाउझेन यांनी त्या विचाराला पक्के रूप दिले. त्यानुसार प्रलयकथेत दोन धागे विणलेले आहेत: एक ‘परमेश्वर’ म्हणणाऱ्या कथनकाराचा आणि दुसरा याजक (पुरोहित) परंपरेचा. सात-सात पशूंचे कोडेही यातून सुटते. पहिल्या धाग्यात नोहा तारवातून उतरल्यावर शुद्ध पशुपक्ष्यांचे होमार्पण करतो. एकच जोडी असती, तर त्या होमाबरोबर ती जातच संपली असती. याजक परंपरेच्या मते यज्ञविधी मोशेच्या काळात सुरू झाला. म्हणून तिच्या कथेत नोहा बळी देत नाही आणि तिला एक जोडी पुरते. याच परंपरेला मोजमापाची व तारखांची ओढ आहे. तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद आणि ३० हात उंच, प्रलयाची सुरुवात नोहाच्या वयाच्या सहाशेव्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी, हे तपशील तिचेच मानले जातात.

ही मांडणी सर्वांना मान्य नाही. बायबलचे अभ्यासक उंबेर्तो कासुतो यांनी ती मुळातच नाकारली. पुढे आणखी एक अभ्यासक गॉर्डन वेनहॅम यांनी १९७८ मध्ये दाखवले की आजचा मजकूर आरशातल्या प्रतिबिंबासारखा दुमडलेला आहे: पाणी चढताना जे घडते ते उतरताना उलट क्रमाने येते आणि मधोमध ‘देवाने नोहाची आठवण केली’ हे वाक्य उभे राहते. दोन्ही निरीक्षणे एकत्र नांदू शकतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ज्याने कथेला हा घाट दिला, त्याला आकड्यांतला विरोध दिसला नसेल हे पटत नाही. हाती आलेल्या दोन पवित्र कथनांपैकी एकही टाकून देणे त्याला योग्य वाटले नसावे.

दुसऱ्या प्रश्नाचे दार १८७२ मध्ये उघडले. नोटांच्या छपाईसाठी ठसे कोरण्याचे काम शिकलेले जॉर्ज स्मिथ कीलाकार लिपी (मातीवर खिळ्यासारख्या खुणांनी लिहिली जाणारी प्राचीन मेसोपोटेमियाची लिपी) स्वतःच शिकून ब्रिटिश म्युझियममध्ये काम करू लागले होते. निनवे येथील असिरियन राजा असुरबनिपाल याच्या ग्रंथालयातून आलेल्या मातीच्या इष्टिका (लेख कोरलेल्या पाट्या) जुळवताना त्यांना डोंगरावर अडकलेली नौका आणि जमिनीच्या शोधात सोडलेले कबूतर यांचे वर्णन सापडले. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांनी ते वाचून दाखवले, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टनही हजर होते. ही इष्टिका गिल्गमेश या प्राचीन मेसोपोटेमियन महाकाव्याची अकरावी. पुढील शोधासाठी मेसोपोटेमियात गेलेले स्मिथ १८७६ मध्ये अलेप्पो येथे वारले. तेव्हा ते अवघे छत्तीस वर्षांचे होते.

त्या इष्टिकेतला प्रलयातून वाचणारा नायक उतनपिश्तिम देवाच्या सूचनेवरून लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १२० हात असलेली नौका बांधतो आणि तिला डांबराचा लेप देतो. वादळ सहा दिवस आणि सात रात्री चालते. नंतर तो कबूतर, पाकोळी आणि कावळा असे एकामागून एक पक्षी सोडतो. कावळा परत येत नाही. नोहाच्या कथेत आधी कावळा जातो, मग कबूतर, आणि ते जैतुनाचे पान घेऊन येते. डांबरासाठीचा हिब्रू शब्द ‘कोफेर’ हा अकेडियन (बॅबिलोनी कथांची भाषा) ‘कुप्रू’चा सख्खा भाऊ आहे. बलीचा सुवासही दोन्हीकडे वर पोचतो. बॅबिलोनी कथेत प्रलयामुळे उपाशी राहिलेले देव त्या वासावर माश्यांसारखे गोळा होतात. उत्पत्तीत परमेश्वर तो वास घेतो आणि पुन्हा असे करणार नाही, असे मनाशी ठरवतो.

साम्य योगायोगाचे नाही, याविषयी अभ्यासकांत फारसा वाद नाही. कथा यहुदी लेखकांपर्यंत केव्हा पोचली, याविषयी आहे. काहीजण यहुद्यांच्या बॅबिलोनमधील बंदिवासाकडे, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकाकडे बोट दाखवतात. पण गिल्गमेश काव्याचा एक तुकडा इस्राएलमधील मगिद्दो येथेही सापडला असून तो बंदिवासाच्या कितीतरी शतके आधीचा आहे.

प्रलयाचा ‘पुरावा’ उत्खननातून मिळवण्याचे प्रयत्नही झाले. १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांनी मेसोपोटेमियातील उर येथे पुराच्या गाळाचा जाड थर सापडल्यावर तो नोहाच्या काळाशी जोडला. जवळच्या एरिदूत तसा थर मिळाला नाही आणि इतर ठिकाणचे थर वेगवेगळ्या काळांतले निघाले. तैग्रिस-युफ्रेटिसच्या सपाट खोऱ्यात मोठे पूर वारंवार येत, एवढेच त्यातून निश्चित होते.

याहून मोलाची तुलना अत्राहासिस या आणखी जुन्या बॅबिलोनी काव्याशी होते. इ.स.पू. सतराव्या शतकातील त्याच्या इष्टिका आज उपलब्ध आहेत. तिथे प्रलयाचे कारण पाप नाही. माणसे फार वाढली, त्यांच्या कोलाहलाने एनलिल देवाची झोप उडाली, एवढेच. म्हणून प्रलय ओसरल्यावर देव लोकसंख्येला आळा घालतात: काही स्त्रिया वांझ राहतील, काही व्रतस्थ, आणि तान्ही मुले आईच्या मांडीवरून हिरावणारी एक राक्षसी असेल. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात तारवाबाहेर आलेल्या नोहाला देवाचा पहिला आशीर्वाद असतो: फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा. ज्या श्रोत्यांना जुनी कथा ठाऊक होती, त्यांना हे वाक्य थेट उत्तरासारखे ऐकू आले असणार. कथानक तेच ठेवून हिब्रू लेखकाने प्रलयाचे कारण आणि त्यानंतरचा निवाडा दोन्ही बदलले: दोष हिंसेचा ठरवला आणि लेकरांच्या जन्मावरचा आळा काढून टाकला.

शेवटची खूणही अशीच जोडीने पाहावी. गिल्गमेश काव्यात मातृदेवी आपल्या गळ्यातल्या लाजवर्दी मण्यांची आण घेऊन म्हणते की हे दिवस मी विसरणार नाही. उत्पत्तीत देव मेघांत धनुष्य ठेवतो, ते पाहून आपला करार आठवावा म्हणून. मराठी वाचकाला तिथे लगेच इंद्रधनुष्य दिसते. हिब्रूतला ‘केशेत’ हा शब्द मात्र लढाईतल्या धनुष्यासाठीही तोच आहे.