लळा लावणारी चित्रे : अ‍ॅनिमेतील गोंडस पात्रांच्या आकर्षणाची पार्श्वभूमी

वर्षभरात लोकांच्या तोंडी रुळलेल्या नव्या शब्दांची निवड जपानमध्ये दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास जाहीर होते. २००५ साली निवडलेल्या पहिल्या दहा शब्दांत ‘मोए’ हा शब्द होता. अ‍ॅनिमे (जपानी चलच्चित्रे) आणि मांगा (जपानी चित्रकथा) यांच्या चाहत्यांमध्ये तो त्याआधी दहा-पंधरा वर्षे वापरात होता. त्या वर्षी तो वर्तमानपत्रांत आणि घरोघरच्या दूरचित्रवाणीवर पोहोचला. शब्दशः पाहिले तर ‘मोए’ म्हणजे अंकुरणे, कोंब फुटणे. ‘पेटणे’ या अर्थाचे क्रियापदही उच्चाराने हुबेहूब असेच आहे, फक्त त्याची चित्रलिपी वेगळी. त्यामुळे संगणकावर टंकताना ‘पेटलो’ऐवजी ‘अंकुरलो’ असे उमटले आणि तेच चाहत्यांना आवडून गेले, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. दुसरी उपपत्ती हा शब्द ‘सेलर मून’ या मालिकेतील होतारू तोमोए या पात्राच्या आडनावाशी जोडते, तर तिसरी एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या मुलांच्या कार्यक्रमातील मोए नावाच्या नायिकेशी. यांपैकी एकही सिद्ध झालेली नाही. अर्थाबद्दल मात्र फारसा वाद नाही: काल्पनिक पात्र पाहून बघणाऱ्याच्या मनात जे कोवळे, अनावर ममत्व उगवते, ते मोए.

मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द मला ‘लळा’ हा वाटतो. गोंडसपणा हा पाहिल्या जाणाऱ्या वस्तूचा गुण असतो, पण लळा लागतो तो पाहणाऱ्याला. हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर मोठ्या डोळ्यांच्या आणि लहान जिवणीच्या या चित्रांमध्ये लाखो प्रौढ माणसे एवढी का गुंततात, याचे उत्तर केवळ चित्रांत शोधले जाते आणि ते अपुरे पडते. हे आकर्षण म्हणजे १९९० च्या दशकातील एकाकी तरुणांनी निर्माण केलेले खूळ, असे स्पष्टीकरण अनेकदा ऐकू येते. माझ्या मते ते इतिहासाला धरून नाही. या गोंडसपणाची भाषा घडवली ती जपानी मुलींनी आणि त्यांच्यासाठी चित्रे काढणाऱ्यांनी. पुरुष चाहते तिथे बरेच उशिरा आले.

इसवी सन १००० च्या आसपास राजदरबारात सेविका असलेल्या सेई शोनागोन हिने ‘माकुरा नो सोशी’ या आपल्या टिपणवहीत लोभस वस्तूंची एक यादी केली आहे. खरबुजावर रेखलेला बाळाचा चेहरा. उंदरासारखा आवाज काढून बोलावले की टुणटुण उड्या मारीत येणारे चिमणीचे पिल्लू. भरभर रांगत येताना जमिनीवरचा एक बारीकसा कण दिसून थबकणारे, तो इवल्याशा बोटांनी उचलून मोठ्यांना दाखवणारे दोन-तीन वर्षांचे मूल. शेवटी ती म्हणते की जे जे लहान आहे ते सारेच लोभस. यासाठी तिने वापरलेला ‘उत्सुकुशी’ हा शब्द पुढे ‘सुंदर’ या अर्थाकडे सरकला, आणि त्याची जागा ‘कावाई’ने घेतली. हा ‘कावाई’ ज्या जुन्या शब्दातून आला, त्याचा मूळ अर्थ संकोचाने चेहरा लाल होणे असा होता. त्यातून ‘पाहवत नाही असे’, ‘कीव यावी असे’, आणि मग ‘जपावेसे वाटणारे’ अशी अर्थाची वाटचाल झाली. आजही ‘कावाई’ म्हणजे गोंडस आणि ‘कावाइसो’ म्हणजे बिचारा. मराठीत गोजिरवाणे आणि बापुडवाणे हे शब्द कानाला सारखे लागले तरी त्यांची मुळे निराळी आहेत. जपानीत मात्र या दोन्ही भावना एकाच मुळावर वाढल्या आहेत. पुढच्या साऱ्या कथेत ही गोष्ट पुन्हापुन्हा डोके वर काढते.

मोठे डोळे प्रथम आले ते मुलींच्या मासिकांत. १९३० च्या दशकात जुन्इची नाकाहारा यांनी ‘शोजो नो तोमो’ या मासिकासाठी काढलेल्या मुली सडपातळ, स्वप्नाळू आणि टपोऱ्या डोळ्यांच्या होत्या. युद्धकाळातील लष्करी अधिकाऱ्यांना हे नाजूकपण इतके खुपले की १९४० मध्ये नाकाहारांना त्या मासिकातून बाहेर पडावे लागले. गोंडस चित्रालाही सत्ता घाबरू शकते, याचे हे उदाहरण मला फार बोलके वाटते. युद्धानंतर ओसामू तेझुका यांनी हीच परंपरा नव्या माध्यमात नेली. त्यांचे बालपण ताकाराझुका या गावी गेले होते. सर्व भूमिका स्त्रियाच करतात अशी प्रसिद्ध संगीत नाटकमंडळी त्याच गावची, आणि तिथल्या नटींचे रंगवलेले, दिव्यांच्या प्रकाशात चमकणारे डोळे तेझुकांनी लहानपणापासून पाहिले होते. डिस्नेच्या चित्रपटांचेही ते निस्सीम चाहते होते. १९५३ मध्ये मुलींच्या मासिकात सुरू झालेल्या त्यांच्या ‘रिबोन नो किशी’ या मालिकेत हे दोन्ही प्रभाव एकत्र दिसतात.

१९६३ मध्ये तेझुकांच्याच ‘तेत्सुवान आतोमु’पासून दर आठवड्याच्या अर्ध्या तासाच्या अ‍ॅनिमे मालिकांचे युग सुरू झाले, आणि तेव्हा या डोळ्यांना एक व्यावहारिक महत्त्व आले. पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. म्हणून चित्रांची संख्या कमी ठेवायची, शरीर स्थिर ठेवून फक्त ओठ आणि पापण्या हलवायच्या, असा मार्ग स्वीकारावा लागला. अशा चित्रपद्धतीत भावना दाखवण्याचे ओझे डोळ्यांवर आणि आवाजावर पडते. बुबुळातील पांढरा ठिपका थरथरला की रडू आवरते आहे हे कळावे, एका हुंकारातून लाज कळावी, असे संकेत यातून घडत गेले. अ‍ॅनिमेतील आवाजाच्या कलाकारांना जपानमध्ये जे स्वतंत्र वलय आहे, त्यालाही ही पद्धत बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

यानंतरचे निर्णायक वळण १९७० च्या दशकातले आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी शाळकरी मुली आहेत. या मुलींनी यांत्रिक पेन्सिलीच्या बारीक टोकाने गोल-गोल, फुगीर अक्षर लिहायला सुरुवात केली. मध्येच बदाम, तारे, छोटे चेहरे काढायच्या. हे वळण कोणी शिकवले नव्हते, उलट काही शाळांनी त्यावर बंदी घातली. याच काळात ‘रिबोन’सारख्या मासिकांत आको मुत्सु आणि त्यांच्या समकालीन लेखिका साध्यासुध्या, बुजऱ्या मुलींच्या हळव्या कथा चितारत होत्या, आणि त्या वाचणाऱ्यांत विद्यापीठातले तरुणही होते. सानरिओ कंपनीसाठी युको शिमिझु यांनी १९७४ मध्ये रेखाटलेली ‘हॅलो किटी’ पुढल्या वर्षी सुट्या पैशांच्या एका छोट्या पाकिटावर बाजारात आली. बाजाराने या आवडीला खतपाणी घातले हे खरे, पण गोल अक्षर बाजाराच्या आधीचे आहे, हे विसरता कामा नये.

मुलींचे हे अंगण पुरुष चाहत्यांनी ओलांडले ते कसे, याचा माग चाहत्यांच्या मेळाव्यांतून लागतो. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योत ‘कॉमिक मार्केट’ हा हौशी प्रकाशनांचा पहिला मेळावा भरला. त्यात ३२ गट होते, सुमारे ७०० माणसे आली होती, आणि त्यांतील बहुसंख्य शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीच्या चित्रकथा, वाचणाऱ्या शाळकरी मुली होत्या. काही वर्षांतच चित्र पालटू लागले. १९७९ च्या ‘काग्लिओस्ट्रोचा किल्ला’ या हायाओ मियाझाकी यांच्या चित्रपटातील क्लारिस या राजकन्येवर तरुण पुरुषांची हौशी नियतकालिके निघाली. १९८२ ची ‘मिंकी मोमो’ आणि १९८३ ची ‘क्रीमी मामी’ या जादूगार मुलींच्या मालिका खेळणी विकत घेणाऱ्या लहान मुलींसाठी बनल्या होत्या, पण त्यांचे निष्ठावान प्रेक्षक विशीतले तरुणही निघाले. १९८३ मध्येच अकिओ नाकामोरी यांनी अशा चाहत्यांना एका लेखात ‘ओताकू’ हे नाव दिले. ते कौतुकाचे नव्हते. १९८९ मध्ये लहान मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात अटक झालेल्या माणसाला प्रसारमाध्यमांनी ओताकू ठरवल्यावर त्या नावाला कलंक चिकटला, आणि पुढची कित्येक वर्षे ही आवड लपवून ठेवण्याची गोष्ट झाली.

अशा वातावरणात ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘इव्हांगेलिऑन’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातील रेई आयानामी पहिल्या भागात चाकांच्या खाटेवर आणली जाते, बँडेजांत गुंडाळलेली, वेदनेने कण्हणारी. ती मोजकेच बोलते; मेगुमी हायाशिबारा यांनी तिला दिलेला आवाज जवळजवळ भावहीन आहे. रूढ अर्थाने तिच्यात खट्याळ किंवा लाडिक काहीच नाही, तरीही तिच्या प्रतिमेने एका पिढीला झपाटले, कारण ‘कावाइसो’ आणि ‘कावाई’ यांच्यातील तो जुना सांधा तिने पुन्हा उघडा केला. पाहवत नाही, म्हणून नजर हलत नाही. त्यानंतरच्या शांत, फिकट, निळसर केसांच्या असंख्य पात्रांवर तिची छाया आहे.

नेमक्या याच पुनरावृत्तीवर हिरोकी आझुमा या विचारवंताने बोट ठेवले. २००१ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ‘देजिको’चे उदाहरण घेतले. ही मुलगी मुळात कोणत्याही कथेतली नव्हती. १९९८ मध्ये ‘गेमर्स’ या दुकानसाखळीची ओळख म्हणून ती रेखाटली गेली. मांजराचे कान, घंटा, मोलकरणीचा झालरदार पोशाख, हिरवे केस असे चाहत्यांना आधीपासून भावणारे घटक तिच्यात एकत्र केले होते. कथा नंतर आली आणि १९९९ मध्ये अ‍ॅनिमेही झाला. आझुमांचे म्हणणे असे की चाहते आता कथा वाचत नाहीत; गोंडस घटकांच्या एका प्रचंड साठ्यातून आवडीचे घटक उचलतात. हे निरीक्षण तीक्ष्ण आहे आणि त्याशिवाय या विषयावर बोलता येत नाही, पण मला ते निम्मेच पटते. घटक सर्वांना उपलब्ध असतात, तरी शंभरातल्या नव्व्याण्णव पात्रांचा लळा लागत नाही. ‘कॅनॉन’ या १९९९ च्या संगणकीय कथाखेळातील मुलींमध्येही हे ठरावीक घटक खच्चून भरले आहेत, पण लोक त्यांच्यासाठी रडले ते त्यांच्या आजारपणामुळे, विसरलेल्या वचनांमुळे, म्हणजेच कथेमुळे.

तोक्योचा अकिहाबारा हा विजेच्या उपकरणांचा बाजार याच काळात या पात्रांचा बाजार झाला. छोट्या मूर्ती बनवणाऱ्या कंपन्या १९९७ च्या सुमारास तिथे येऊ लागल्या, आणि मार्च २००१ मध्ये मोलकरणीच्या पोशाखातील तरुणी जिथे वाढतात असे पहिले कायमस्वरूपी ‘मेड कॅफे’ उघडले. एका संशोधन संस्थेने २००३ मधील मोए वस्तूंची बाजारपेठ ८८.८ अब्ज येनची असल्याचा अंदाज काढला, तेव्हा कालपर्यंत नाक मुरडणारे उद्योगजगत आदराने बोलू लागले. २००९ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने तीन तरुणींना ‘कावाई दूत’ म्हणून नेमले. या सरकारी उत्साहाचा चाहत्यांच्या भावविश्वाशी संबंध थोडाच होता.

या साऱ्यात एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळू नये. यांतील बहुतेक पात्रे शाळकरी वयाची आहेत, आणि त्यांच्याकडे वासनेने पाहणारे साहित्यही याच चाहतेविश्वात निपजले. २०१४ मध्ये जपानने मुलांच्या अश्लील छायाचित्रांचा नुसता संग्रहही गुन्हा ठरवला, पण रेखाटलेली चित्रे त्यातून वगळली, आणि त्यावरचा वाद देशात व देशाबाहेर चालू आहे. वात्सल्याची भाषा वापरून कोणी वेगळेच काही मागत असेल, तर त्याला लळा म्हणता येणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

शास्त्रज्ञांनी या आकर्षणाकडे आपल्या वाटेने पाहिले आहे. मोठे डोके, उंच कपाळ, चेहऱ्यावर खाली असलेले टपोरे डोळे आणि गुबगुबीत गाल यांमुळे मोठ्यांमध्ये संगोपनाची प्रेरणा जागते, असे कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडले होते. हिरोशिमा विद्यापीठातील हिरोशी नित्तोनो आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधील प्रयोगांत पिल्लांची चित्रे पाहिल्यावर लोकांनी नाजूक कामे अधिक काळजीपूर्वक केली. म्हणजे गोंडस गोष्ट पाहून माणूस नुसता विरघळत नाही, त्याचे हातही जपून चालू लागतात.

हे जपणे सर्वांत स्पष्ट दिसते ते दैनंदिन जीवनावरच्या मालिकांत. कियोहिको आझुमा यांच्या ‘आझुमांगा दाइओह’पासून रूढ झालेल्या या प्रकारात मोठी संकटे किंवा खलनायक नसतात; मुली शाळेत जातात, डबा खातात, परीक्षेला घाबरतात. २००७ मध्ये क्योतो अ‍ॅनिमेशनची ‘लकी स्टार’ आली, आणि तिच्यात दिसणाऱ्या साइतामातील वाशिनोमिया मंदिरात पुढच्या नववर्षाला सुमारे ३ लाख माणसे दर्शनाला लोटली. २००९ ची ‘केइऑन’ ही त्याच संस्थेची मालिका. तिची दिग्दर्शिका नाओको यामादा, मुख्य पटकथालेखिका रेको योशिदा आणि पात्ररचनाकार युकिको होरिगुची या तिघी स्त्रिया. जाड पोटऱ्यांच्या, धसमुसळ्या, वादनाच्या सरावापेक्षा चहा-केकमध्ये रमणाऱ्या पाच मुली त्यांनी अशा जवळिकीने रंगवल्या की गोंडसपणा पुन्हा आपल्या माहेरी आल्यासारखा वाटतो.

त्या मालिकेतील शाळेची इमारत शिगा प्रांतातील तोयोसातो गावच्या १९३७ सालच्या प्राथमिक शाळेशी मिळतीजुळती आहे. ही इमारत एकेकाळी पाडली जाणार होती. गावकऱ्यांनी न्यायालयात लढून ती वाचवली, आणि २००९ मध्ये दुरुस्तीनंतर ती लोकांसाठी खुली झाली. जिन्याच्या लाकडी कठड्यावर ससा-कासवाच्या शर्यतीतील धातूचे प्राणी बसवलेले आहेत. तेही मालिकेत दिसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या खोलीत टेबले एकमेकांना जोडून ठेवलेली आहेत, आणि त्यांवर पाच जणींच्या चहाची मांडामांड केलेली आहे.