पाकिटापासून सुपर पॅकपर्यंत

30 मार्च 2025 रोजी विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे शहरात इलॉन मस्क डोक्यावर चीजच्या आकाराची पिवळी टोपी घालून स्टेजवर आले आणि दोन मतदारांना प्रत्येकी 10 लाख डॉलरचे पाटीएवढे चेक दिले. निवडणूक होती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेसाठी. (तिथल्या बऱ्याच राज्यांत न्यायाधीशही मतांनी निवडतात.) राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने (सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने) कार्यक्रम रोखायचा प्रयत्न केला, पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. मस्क आणि त्यांच्या संघटनांनी या एका जागेवर 2 कोटी डॉलरहून जास्त ओतले. त्यांचा उमेदवार ब्रॅड शिमेल हरला, तोही सुमारे दहा टक्क्यांनी.

हार-जीत बाजूला ठेवू. लक्षात राहतो तो चेक: एवढा मोठा, कॅमेऱ्यासमोर, नाव-गाव सगळं उघड. अमेरिकेच्या राजकारणात पैसा पहिल्यापासून आहे. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची तिथेही रीत होती. ती कशी गेली, हे बघायचं तर मोंटाना राज्यात जायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेनेटर (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य) थेट जनता निवडत नव्हती, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. म्हणजे लाखभर मतदारांना राजी करण्यापेक्षा काही डझन आमदार गाठणं सोपं. ब्यूटच्या तांब्याच्या खाणींवर गबर झालेल्या विल्यम क्लार्क यांना सेनेटर व्हायचं होतं. जानेवारी 1899 मध्ये फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या आमदाराने राजधानी हेलेना इथे सभागृहात, मतांसाठी वाटलेली लाच म्हणून, पाकिटं सादर केली. आत हजार-हजाराच्या नोटा, एकूण 30 हजार डॉलर. पाकिटांवर क्लार्क यांच्या नावाची आद्याक्षरं होती, असंही सांगतात. क्लार्क यांचे लोक म्हणाले, हा प्रतिस्पर्धी खाणमालक मार्कस डेली याचा डाव आहे. ग्रँड ज्युरीला (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) पुरेसा पुरावा दिसला नाही. उलट व्हाइटसाइड यांचंच आमदारपद गेलं आणि क्लार्क निवडून आले!

वॉशिंग्टनमध्ये सेनेटच्या समितीने मात्र ही निवड रद्द ठरवण्याची शिफारस केली, तेव्हा मे 1900 मध्ये क्लार्क यांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास मोंटानाचे गव्हर्नर राज्याबाहेर होते. कारभार पाहणाऱ्या लेफ्टनंट गव्हर्नरने रिकाम्या झालेल्या जागेवर नेमलं कोणाला, तर क्लार्क यांनाच. ती नेमणूक टिकली नाही, पण 1901 मध्ये ते रीतसर निवडून गेले आणि पूर्ण मुदत सेनेटमध्ये बसले. या आणि अशा प्रकरणांतूनच 1913 मध्ये सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि सेनेटर थेट मतदानाने निवडले जाऊ लागले. त्याआधीच, 1912 मध्ये, मोंटानाच्या मतदारांनी स्वतः कायदा करून कंपन्यांना निवडणुकीत पैसा खर्च करायला बंदी घातली. हा कायदा पुढे पुन्हा भेटेल.

देशपातळीवर पैशाला शिस्त लावली ती मार्क हॅना यांनी. 1896 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली यांच्या प्रचारासाठी त्यांनी बँकांवर भांडवलाच्या पाव टक्का अशी चक्क वर्गणी बसवली. स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख डॉलर दिले. 1905 च्या चौकशीत न्यूयॉर्क लाइफ या विमा कंपनीने रिपब्लिकन प्रचाराला सुमारे 48 हजार डॉलर दिल्याचं बाहेर आलं. म्हणजे पॉलिसीधारकांनी विधवा-पोरांसाठी भरलेल्या हप्त्यांतला पैसा. त्यावरून गदारोळ झाला आणि 1907 मध्ये टिलमन कायद्याने कंपन्यांच्या थेट देणग्या बंद झाल्या. कायद्यावर लक्ष ठेवायला यंत्रणाच नव्हती, त्यामुळे तो बराचसा कागदावरच राहिला.

पुढचा टप्पा वॉटरगेटचा. 7 एप्रिल 1972 पासून देणगीदारांची नावं जाहीर करणं सक्तीचं होणार होतं, म्हणून त्याआधी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रचार समितीत पैशाचा पूर आला. जून महिन्यात वॉटरगेट इमारतीत, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात, चोर पकडले गेले. त्यांच्यातल्या एकाच्या मायामीतल्या बँक खात्यात 25 हजार डॉलरचा एक चेक सापडला. तो प्रचारासाठी जमवलेल्या निधीतला होता आणि त्याच धाग्याने पत्रकार वरपर्यंत पोचले. 1974 मध्ये कायदा कडक झाला. एका माणसाने एका उमेदवाराला एका निवडणुकीत हजार डॉलरच द्यायचे, उमेदवाराच्या खर्चालाही मर्यादा, आणि देखरेखीला नवा निवडणूक आयोग.

माझ्या मते सगळी गोष्ट वळते ती यानंतर, 30 जानेवारी 1976 ला. ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणं आणि खर्चणं यांची फारकत केली. दुसऱ्याला द्यायच्या देणगीवर मर्यादा चालेल, कारण तिथे लाचेची शंका येते. पण स्वतः केलेल्या खर्चावर मर्यादा चालणार नाही, कारण प्रचारावरचा खर्च म्हणजे बोलण्याचाच भाग. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून घातलेला पैसाही मोकळा.

आपल्याकडे हे पटकन कळेल ते श्री ठाणेदार यांच्यावरून. बेळगावच्या मराठी घरातले ठाणेदार 1979 मध्ये अमेरिकेला गेले आणि उद्योगात पैसा कमावला. 2018 मध्ये त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत स्वतःचे सुमारे 1 कोटी डॉलर घातले आणि तिसरे आले. 2022 मध्ये पुन्हा पदरचा पैसा घालून ते डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेले. त्या वेळी ‘एपॅक’ या इस्रायल-समर्थक गटाशी संबंधित सुपर पॅकने (उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा खर्च करणाऱ्या गटाने) त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी 40 लाखांहून जास्त डॉलर खर्चले. इकडे उमेदवाराचा स्वतःचा पैसा, तिकडे परस्पर खर्च करणारा गट. 1976 च्या निकालाचे दोन्ही पाय एकाच मतदारसंघात दिसले.

सुपर पॅक आले 2010 मध्ये. 21 जानेवारीला ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की कंपन्या आणि कामगार संघटना उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा खर्च करू शकतात. न्यायमूर्ती केनेडी यांचा आधार असा, की स्वतंत्र खर्चाने भ्रष्टाचार होत नाही. दोनच महिन्यांत खालच्या न्यायालयाने अशा स्वतंत्र गटांना मिळणाऱ्या देणग्यांवरची मर्यादाही काढली. उमेदवाराशी संगनमत नको, एवढी एक अट उरली. 2024 मध्ये मस्क यांनी एकट्याने 25 कोटी डॉलरहून जास्त खर्च केला तो याच वाटेने. पैशाने नेहमीच जिंकता येतं असं मात्र नाही: 2020 मध्ये न्यूयॉर्कचे माजी महापौर ब्लूमबर्ग यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी स्वतःचे अब्जभर डॉलर उडवले आणि जिंकलं फक्त अमेरिकन समोआ हे चिमुकलं बेट.

लॉबिंगची, म्हणजे कायदे आपल्या बाजूने वळवायला सरकारकडे वशिला लावण्याची, वाट वेगळी. सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेतच आहे, त्यामुळे ते बंद करता येत नाही, फक्त नोंदवता येतं. नोंदणीचा पहिला व्यापक कायदा 1946 चा, तो पोकळ निघाला म्हणून दुसरा 1995 चा. आज संघराज्याच्या पातळीवर वर्षाला 4 अब्ज डॉलरहून जास्त खर्च नोंदला जातो. (विलर्ड हॉटेलच्या लॉबीत राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना गाठणाऱ्यांवरून हा शब्द आला, असं वॉशिंग्टनचे गाइड रंगवून सांगतात. शब्द त्याहून जुना आहे.)

आता मोंटानाचा तो 1912 चा कायदा. डिसेंबर 2011 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्कच्या काळाचा इतिहास पुढे ठेवून तो उचलून धरला. न्यायमूर्ती जेम्स नेल्सन यांनी विरोधात मत दिलं, कारण वरच्या न्यायालयाचा ‘सिटिझन्स युनायटेड’ निकाल बंधनकारक आहे. पण कंपनी म्हणजे माणूस ही कल्पनाच त्यांनी त्याच निकालपत्रात धुऊन काढली. जून 2012 मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादही न ऐकता शंभर वर्षांचा तो कायदा रद्द केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोंटानात एक ठराव मताला आला: कंपन्यांना माणसांचे घटनात्मक हक्क नाहीत, हे राज्याचं धोरण असावं. सुमारे 75 टक्के मतदारांनी होकार दिला. त्याच दिवशी राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन मिट रॉम्नी यांना निवडलं होतं. ठरावाने न्यायालयाचा निकाल बदलणार नव्हता, हे मत देणाऱ्यांनाही ठाऊक होतं.